हिमनदी जिथे आलीच नाही: जुन्नर-आंबेगावच्या थांबलेल्या पाण्याची कथा

मे महिना संपत आला की डिंभे धरणाचे पाणी खाली उतरते आणि गाळातून एक गाव वर येऊ लागते. घरांची जोती, दगडी भिंतींचे तुकडे, देवळाचे अवशेष. हे जुने आंबेगाव. पुणे जिल्ह्यातील ज्या तालुक्याला आपण आंबेगाव म्हणतो, त्याला नाव देणारे गाव हेच.

तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. ती ब्रिटिश अमदानीतही तिथेच होती. तेव्हा आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेठा होता आणि त्याचा कारभार घोड्याहून, म्हणजे आजच्या घोडेगावाहून चाले. बाजार मंचरचा मोठा. नाव तेवढे आंबेगावचे, आणि ते गाव वर्षाचे बरेच महिने पाण्याखाली.

नकाशा उघडला तर जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत निळे ठिपके ठळक दिसतात: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाहणाऱ्याला वाटावे की हा सरोवरांचाच प्रदेश आहे. प्रत्यक्षात यातला एकही ठिपका शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावर नव्हता. सह्याद्रीच्या या पट्ट्याला निसर्गाने सरोवर दिलेच नाही. इथे पाणी जिथे म्हणून थांबले आहे, तिथे ते बहुधा कुणीतरी थांबवले आहे. त्या 'कुणीतरी'चा हा इतिहास.

पण आधी प्रश्न असा की निसर्गाने ते का दिले नाही?

डोंगरात लहान तळी घडवणारा जगातला सर्वांत मोठा कारागीर म्हणजे हिमनदी. शेकडो फूट जाडीचा बर्फ स्वतःच्या वजनाने उतारावरून सरकतो, पोटाखाली दगडगोटे धरून खडक खरवडत जातो आणि वाटेत मऊ जागा लागली की तिथे वाडग्यासारखा खोलगा कोरतो. पुढे टोकाशी तो आपल्याबरोबर आणलेला दगडमातीचा ढीग टाकतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. हवामान उबदार झाले की बर्फ वितळतो, खोलगा पाण्याने भरतो, हिमोढ बांधासारखा आडवा राहतो. तळे तयार.

उत्तराखंडात सुमारे पाच हजार मीटर उंचीवरचे रूपकुंड हे अशाच जातीचे. सह्याद्रीत पाय घट्ट केलेली मराठी मुले हिमालयात जातात, तेव्हा अशी तळी पाहून हरखतात. त्यामागे कारण आहे. घरच्या डोंगरात त्यांनी तसे काही पाहिलेलेच नसते.

महाराष्ट्राच्या भूमीला हिमनदी अगदीच अनोळखी आहे असे मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे खडकावर समांतर ओरखडे सापडले आहेत. ते सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाने ओढलेले आहेत. त्या काळी भारताचा हा तुकडा दक्षिण ध्रुवाजवळच्या महाखंडात अडकलेला होता. तेव्हा सह्याद्री नव्हता, जुन्नर नव्हते, आणि ज्या काळ्या पाषाणावर ही कथा उभी आहे तो पाषाणही नव्हता.

तो पाषाण आला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचे पठार घडले. पुढे जगात हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताकडून साधारण १९ अंशांवर स्थिरावलेला होता. जुन्नरच्या सीमेवरचा हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर. आणि राज्यातले सर्वोच्च कळसूबाईही १,६४६ मीटरच. या अक्षांशावर एवढ्या उंचीला बर्फ टिकत नाही. हिमनदी इथे आलीच नाही.

आली फक्त पावसाची धार. नाणेघाटाच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तिथून अवघ्या तीस-चाळीस किलोमीटर पूर्वेला तो काही शे मिलिमीटरवर येतो. कुकडी, मीना, घोड या नद्या हे सगळे पाणी चार महिन्यांत भीमेकडे पळवतात. दऱ्या पूर्वेकडे उघड्या, उतार सरळ, वाटेत खोलगा नाही. वर पाऊस प्रचंड, आणि त्याच माथ्यावरच्या वाडीत फेब्रुवारीपासून हंड्यांची रांग. सह्याद्रीतल्या पाण्याचे सगळे राजकारण, सगळा धर्म आणि बरीचशी वास्तुकला या एका विसंगतीतून जन्माला आली आहे.

हिमयुगाने मात्र जुन्नरला दुरून स्पर्श केला. जगात थंडी वाढली की मोसमी पाऊस मंदावत असे. नद्यांच्या अंगात गाळ वाहून नेण्याचे बळ उरत नसे आणि पात्रे वाळू-मातीने भरत. पाऊस पुन्हा जोरावला की त्याच नद्या तो गाळ कापून खाली उतरत. कुकडीकाठच्या उभ्या मातीच्या दरडी म्हणजे या चढउतारांची वहीच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली आहे.

त्याच वहीत १९८०च्या दशकात एक विलक्षण पान सापडले. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर निघाला. ही चुलीची राख नव्हे, ज्वालामुखीची. आणि तो ज्वालामुखी तीन हजार किलोमीटरहून दूर, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा टोबा.

राखेच्या सोबतीने अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली, त्यामुळे राखेचे वय म्हणजे त्या माणसाच्या काळाचा पुरावा ठरला. पहिल्या चाचणीत उत्तर आले सुमारे १४ लाख वर्षे. पुढच्या चाचणीत साडेसहा-पावणेसात लाख. राखेची रासायनिक ठेवण पाहणाऱ्या काही अभ्यासकांनी सांगितले की ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे जेमतेम ७४-७५ हजार वर्षांपूर्वीची राख आहे. नंतर आणखी काहींनी पारडे पुन्हा सात-आठ लाखांकडे झुकवले. बोरीच्या ओढ्याकाठच्या मूठभर राखेवर जगभरच्या प्रयोगशाळांनी तीस वर्षे वाद घातला आहे.

टोबाच्या त्या स्फोटांनी सुमात्रात जो अजस्र खड्डा पडला, त्यात आज टोबा नावाचेच सरोवर आहे. सरोवर तिकडे राहिले. जुन्नरच्या वाट्याला राख आली.

मग या प्रदेशात पाण्याने स्वतः खडक कोरलाच नाही का? कोरला, पण जरा खाली जाऊन. कुकडी जुन्नर सोडून शिरूर आणि पारनेरच्या सीमेवर पोहोचते, तिथे निघोज आणि टाकळी हाजी या गावांमध्ये नदीचे पात्र उघड्या कातळाचे आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि जात्याच्या खुंट्यासारखे खडक घासत खाली उतरतात. हजारो वर्षांत त्या जागी गुळगुळीत, गोल, खोल कुंडे तयार झाली. लोकांनी त्यांना नाव दिले रांजणखळगे. मळगंगेच्या यात्रेला आणि सुटीच्या सहलीला येणाऱ्यांची तिथे रीघ लागते.

रांजणखळगा हा हिमनदीच्या तळ्याचा गरीब भाऊ म्हणायला हरकत नाही. तत्त्व तेच, दगडाने दगड कोरण्याचे. फक्त बर्फाऐवजी पूर, आणि तळ्याऐवजी रांजण. उन्हाळ्यात नदी आटली तरी काही खळग्यांत पाणी टिकते. नदीची ही रीत माणसाने पाहिली असेल आणि मग छिन्नी उचलली असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो मोहच. खडक कोरून पाणी धरण्याची गरज शिकवायला नदीची आवश्यकता नव्हती. फेब्रुवारी महिना पुरेसा होता.

आणि इथून या कथेत माणसे येतात, तीही नावानिशी.

इसवी सनाच्या आगेमागे जुन्नर हे सातवाहनांच्या राज्यातले मोठे व्यापारी ठाणे होते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल कोकणात उतरे, बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढे आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तिने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची त्यात मोजदाद आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या लिखित अंकांपैकी काही याच भिंतीवर आहेत. शाळेत हा लेख राजवंशासाठी शिकवला जातो. बैलाला आणि बैलवाल्याला मात्र त्या माथ्यावर पोहोचल्यावर सगळ्यात आधी जे हवे असे, ते लेखाच्या अवतीभवती कातळात आहे: पाण्याची टाकी.

आज आपण टाके म्हणतो. शिलालेखांच्या प्राकृतात त्याला शब्द आहे 'पोढी'. जुन्नरच्या परिसरात दोनशेच्या घरात लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत ती विखुरलेली आहेत. लेणे म्हटले की चैत्य आणि विहार डोळ्यांसमोर येतात. पण भिक्षूंना वर्षावासात डोंगरात राहायचे तर छतापेक्षा पाण्याची सोय कठीण. म्हणून विहाराशेजारी पोढी हवीच.

पोढीची रचना साधी वाटते आणि साधी नाही. तोंड लहान, पोट मोठे. कातळात चौकोनी मुख पाडायचे, आत उतरून चारी बाजूंनी पोखरत जायचे, कधी छताला आधार म्हणून मधला खडक खांबासारखा सोडायचा. लहान तोंडामुळे ऊन आत शिरत नाही, बाष्प कमी उडते, पाणी गार राहते. लेण्याच्या माथ्यावर कातळात पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्याकडे वळवलेले असते. जागा निवडताना भेगा नसलेला, एकसंध थर ओळखावा लागतो. थर चुकला तर वर्षभराची मेहनत एका रात्रीत पाझरून जाते. खडकाची ही पारख ज्यांना होती त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही लेखात नाही. नावे आहेत ती पैसे देणाऱ्यांची.

आणि ती नावे वाचण्यासारखी आहेत.

मानमोडीच्या डोंगरात एक लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने ४६व्या वर्षी पोढी आणि मंडप पुण्यार्थ दिल्याची ती नोंद. नहपान हा सातवाहनांचा वैरी. त्यांच्याकडून हा प्रदेश हिसकावणारा. राज्य बदलले, पण नव्या राज्याच्या मंत्र्याने जुन्नरात आल्यावर जे दान करायचे ठरवले, तेही पाण्याचेच.

दुसरा लेख एका यवनाचा. त्याचे नाव इरिल, गतांपैकी. त्याने दिले काय, तर 'बे पोढियो'. दोन पोढ्या. 'बे एके बे' म्हणणाऱ्या मराठी मुलाला हा शब्द भाषांतराशिवाय कळतो. समुद्रापलीकडच्या वंशाचा एक माणूस सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी जुन्नरला येतो, इथल्या बोलीत आपले दान कोरून घेतो, आणि त्यातला आकडा आजही पाढ्यात जिवंत असतो.

तिसरे दान एका माणसाचे नव्हे, श्रेणीचे आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीही भेटतात. बाजारपेठ दान करत होती. त्या दानावर डोंगरातला मठ चालत होता. आणि मठाच्या आसऱ्याने घाटवाट नांदती राहत होती. धर्म आणि व्यवहार यांची फारकत करून हे समजत नाही.

नाणेघाटातही वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णीच्या १३व्या राज्यवर्षाचा लेख आहे. दाता आहे दामघोष नावाचा गृहपती. राजा नाही, अमात्य नाही, एक घरधनी. घाट चढून येणाऱ्या तहानलेल्या माणसाने पाण्याला हात लावला की दामघोषाला पुण्य मिळावे, एवढाच त्यामागचा हिशोब. या सगळ्या लेखांत दानाला शब्द आहे 'देयधम'. द्यायचे ते धर्म म्हणून द्यायचे, आणि दिले की आपले नाव शेजारी कोरायचे. निनावीपणाचा सोस त्या काळाला नव्हता, आणि त्यात त्याचे काही चुकलेही नाही. कोणी दिले हे ठाऊक असले की पाण्याची मालकी कोणाची, हा प्रश्न आपोआप सुटतो.

पुढची हजार-बाराशे वर्षे झपाट्याने ओलांडता येतील. कुकडीच्या उगमाशी पूर गावात कुकडेश्वराचे देखणे दगडी देऊळ उभे राहिले. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली, त्यांतले हे एक, अशी परंपरा आहे. यादव गेले, बहमनी आले, निजामशाही आली. टाके मात्र मठातून गडावर गेले.

शिवनेरी हा त्याचा उत्तम नमुना. त्याच डोंगराच्या कड्यांत बौद्ध लेणी आणि पोढ्या, आणि माथ्यावर गंगा-जमुना नावाची पाण्याची टाकी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म याच गडावर झाला. जिजाऊंना इथे ठेवण्याची कारणे इतिहासकार गडाच्या दुर्गमतेत शोधतात. ती बरोबरच आहेत. पण दुर्गमता तासाभराची, पाणी बारा महिन्यांचे. कडा शत्रूला थोपवतो, आणि आतल्या माणसांना तहान बाहेर काढते. खात्रीचे पाणी नसलेला गड हा नुसता उंच डोंगर.

१६७५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर जुन्नरला आला, तेव्हा शिवनेरी मोगलांकडे होता. त्याला गड पाहू दिला गेला. हजार कुटुंबांना सात वर्षांच्या वेढ्यात पुरेल इतकी सामग्री वर असल्याचे त्याने लिहून ठेवले. सात वर्षांचे धान्य कोठारात भरता येते. सात वर्षांचे पाणी भरता येत नाही. ते दरवर्षी आभाळातून घ्यावे लागते. ते घेण्याची भांडी कातळात आधीच तयार होती, आणि त्यातली काही शिवनेरीला किल्ला म्हणण्याच्याही आधीची.

छिन्नीचे हे राज्य विसाव्या शतकात संपले आणि भिंतीचे सुरू झाले.

कुकडी प्रकल्पात पाच धरणे बांधली गेली, तीच वर सांगितलेली पाच निळी नावे. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगराळ पश्चिमेला पाणी अडवायचे आणि कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत न्यायचे, ही त्याची कल्पना. हिमोढ जे काम निसर्गाच्या लहरीने करतो, ते इथे अभियंत्यांनी हिशोबाने केले: दरीला आडवा बांध घातला.

डिंभे हे यातले सर्वांत मोठे. घोड नदीवरची सुमारे ६७ मीटर उंच भिंत आणि साडेतेरा टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. इरिलाच्या पोढीशी याची तुलना करून पाहण्यात मजा आहे. समजा एक पोढी तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर खोल. तिच्यात २७,००० लिटर पाणी मावेल. डिंभे पूर्ण भरले तर अशा सुमारे १ कोटी ४० लाख पोढ्या होतील.

आकड्याने डोळे दिपतात, तो अधिकार त्या आकड्याला आहे. या पाण्याने अवर्षणाचा पूर्वभाग हिरवा केला. नारायणगाव आणि मंचरचे बाजार भाजीपाल्याने भरले. द्राक्ष, टोमॅटो, ऊस उभा राहिला. ज्यांच्या आजोबांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, त्यांच्या नातवांनी साखर कारखान्याची निवडणूक लढवली. कालवा आलेल्या गावात धरणाविषयी वाईट बोलणारा माणूस शोधावा लागेल, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे.

पण थांबलेले पाणी कधी एकटे येत नाही. कालव्यामागून ऊस आला, आणि उसामागून बिबट्या. दाट, थंड, वर्षभर उभे असलेले ते पीक त्याला जंगलासारखे मानवले. माद्या फडातच विऊ लागल्या; ऊसतोड सुरू झाली की पाचटात बछडी सापडू लागली. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले इतके वाढले की हा तालुका देशभर त्याच कारणाने ओळखला जाऊ लागला. माणिकडोहला धरणाच्या परिसरात आज बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. जलाशयाचा निसर्गेतिहास लिहायचा तर त्यात मासे आणि पाणपक्षी यांच्या आधी या पिंजऱ्यांचा उल्लेख करावा लागतो.

पाणपक्षीही आले, हे खरे. पिंपळगाव जोगेच्या उथळ काठांवर आणि माळशेजच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात म्हणून कॅमेरे घेऊन लोक जातात. नाणेघाटात पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहायला गर्दी होते. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. तंबू, नौकाविहार, काठावरची हॉटेले ही त्याची दृश्य बाजू. दामघोषाच्या घाटातल्या टाक्यांत सुटीच्या दिवशी मुले सूर मारतात आणि वेफर्सची रिकामी पाकिटे तरंगताना दिसतात. ही टाकी पिण्याच्या पाण्याची होती. गडकोटांवर आणि घाटांत काही ठिकाणी आजही आहेत. पोहण्यासाठी आंबेगाव-जुन्नरात पाण्याची टंचाई नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी ओंजळीतलेच असले पाहिजे, असेही नाही.

आता पुन्हा डिंभ्याकडे, कारण खरे देणे तिथे झाले.

जलाशयाच्या जागी भातखाचरे होती, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती होती, आणि आंबेगाव होते. डोंगराळ भागात सपाट जमीन मुळात मूठभर. ती सगळी नदीकाठी, आणि धरणाने नेमकी तीच घेतली. उरला तो उतार. काही कुटुंबे लाभक्षेत्रात गेली, अनेकजण पाण्याच्या वर सरकून तिथेच राहिले. त्यांच्या दारात साडेतेरा टीएमसी पाणी आणि शेताला ओंजळभर नाही, कारण कालवा खाली वाहतो, वर चढत नाही.

या लोकांनी पुढे जे केले, तो भाग पाठ्यपुस्तकात यायला हवा होता. उन्हाळ्याकडे पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या ओल्या गाळात त्यांनी पेरणी केली. याला गाळपेर म्हणतात. आपलीच बुडालेली जमीन वर्षातून थोडे महिने परत मिळवण्याची ही युक्ती. तिचा हिशोब धरणाच्या दरवाजांशी बांधलेला असतो. आवर्तन लांबले, पाणी उशिरा उतरले की पेरणी चुकते. पाऊस लवकर आला की उभे पीक जाते.

वरच्या उतारावर त्यांनी पडकई केली. दगडी बांध रचून, माती धरून, डोंगराच्या अंगावर भाताची खाचरे पाडण्याची ही जुनी सामुदायिक रीत. आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. आणि जलाशयातील मासेमारीच्या हक्कासाठी ते भांडले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीने धरणग्रस्त आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. ज्यांची शेते तळाशी गेली, ते त्याच शेतांवरच्या पाण्यात जाळे टाकू लागले.

जलाशयाचे अधिकृत नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. नाव योग्यच आहे. तालुक्याच्या सर्वांत मोठ्या पाण्याला तालुक्याच्या सर्वांत मोठ्या त्यागाचे नाव मिळाले. पण अयम, इरिल, दामघोष आणि धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी यांच्या रीतीने पाहिले तर एक लेख कमी पडतो. पोढीला ज्याने दिले त्याचे नाव पोढीशेजारी आहे. डिंभ्याला ज्यांनी खाचरे दिली, घरे दिली, देवळे दिली, त्यांच्या गावांची नावे सरकारी संपादनाच्या कागदांत आहेत. 'देयधम' म्हणून कुठल्या दगडावर नाहीत. अर्थात फरक हाही आहे की इरिलाला कुणी नोटीस बजावली नव्हती.

जूनमध्ये आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला आभाळ भरून येते. गाळपेराचे उरलेसुरले पीक घाईने काढले जाते, जनावरे वर हाकली जातात. घोडेला पहिला गढूळ लोंढा येतो आणि जलाशयाची कड रोज हातभर वर सरकते. जोती बुडतात, मग भिंती, मग देवळाचे दगड. घोडेगावच्या तलाठी कार्यालयात त्याच दिवशी कुणी सातबारा काढायला आलेला असतो, आणि उताऱ्यावर वरच्या ओळीत छापून येते: तालुका आंबेगाव.